म्हातारी जीप आणि तुमचा उजवा पाय

प्रत्येक ऑफिसात असा एक तरी जण असतोच. कॉम्प्युटरवर ऑलिव्ह ग्रीन जीपचा वॉलपेपर, लंच टाइमला सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती, आणि ‘यार, एकदा तरी जुनी फोर बाय फोर घ्यायचीच’ हे वाक्य दर सोमवारी ठरलेलं! आमच्या ऑफिसातला तो जण म्हणजे मी. फरक इतकाच, की मी खरंच घेतली. महिंद्रा एमएम ५४०, मॉडेल १९९४. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, दाराच्या जागी कॅनव्हास. पावसाळ्यात आतही पाऊस पडतो. तरीही पार्किंगमधल्या चकाचक एसयूव्ही सोडून लोक हिच्यासोबतच फोटो काढतात, ते सोडा.

जीप आल्यापासून सगळे दोन प्रश्न विचारतात. दुसरा असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ पण पहिला हमखास हाच, ‘इंजिन किती टिकणार रे हिचं?’

प्रश्न एकदम वाजवी आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन ते रिन्यू करावं लागतं. माझ्या जीपचं २०२४ मध्ये झालं, आता पाळी २०२९ ची. तोवर इंजिन धूर ओकायला लागलं तर पासिंगची बोंब, आणि इंजिन काम करायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीला लाजवेल असं बिल. कित्येक चांगल्या जिपा अशाच भंगारात गेल्यात. म्हणून गेली काही वर्षं मी फिटर, ड्रायव्हर, जीपवेडे मित्र, जो भेटेल त्याला हाच प्रश्न विचारत सुटलोय. सगळ्यांच्या बोलण्यातून निघालेलं उत्तर फार सोपं निघालं. इंजिनचं आयुष्य किलोमीटरवर आणि वयावर कमी, आणि चालवणाऱ्याच्या सवयींवर जास्त ठरतं. आणि गंमत म्हणजे सगळ्यात वाईट सवयी आपल्याच असतात. आपल्या म्हणजे पाच दिवस ऑफिस आणि दोन दिवस सह्याद्री करणाऱ्यांच्या!

फ्रेंच आजोबा, इगतपुरीचा नातू

आधी थोडी वंशावळ. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकन विलिज जिपा जोडून विकायला सुरुवात केली. शेती, पोलीस, लष्कर, जंगल खातं, सगळीकडे त्या गेल्या. पण त्यांची पेट्रोलची तहान भारी होती. मग १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनचं लायसन्स घेतलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून नाव ४.९०. आकार २,११२ सीसी, ताकद साठ-बासष्ट हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅकसुद्धा याहून जास्त ताकदीची असते. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आपल्या इगतपुरीत आहे, त्यामुळे या फ्रेंच घराण्याला मराठी माती लागली असं म्हणायला हरकत नाही.

याच घराण्यातलं डिझेल इंजिन प्युजो ५०४ या गाडीत होतं. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत ५०४ वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावली. कच्चे रस्ते, मरणाचा उकाडा, दाटीवाटीने भरलेली माणसं आणि टपावर सामान. थोडक्यात काय, तर हे इंजिन कष्टाला घाबरणारं नाही. मग पुण्या-मुंबईत ते का मरतं?

कॉम्प्युटर कुठंय? आरशात बघा!

आजच्या डिझेल एसयूव्हीत एक कॉम्प्युटर सतत पहारा देत असतो. इंजिन थंड आहे? डिझेल त्या हिशोबाने सोडा. पाणी तापलं? ताकद कमी करा, डॅशबोर्डवर लाल दिवा लावा, तरी ड्रायव्हर ऐकत नसेल तर गाडी रांगायला लावा. तुम्ही कितीही दांडगाई केली तरी गाडी स्वतःला बऱ्यापैकी सांभाळून घेते.

जुन्या जीपमध्ये यातलं काहीच नाही. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल. तुम्ही पाय दाबला की डिझेल जाणार, मग इंजिन थंड असो, तापलेलं असो वा ऑइल तळाला गेलेलं असो. तापमानाचा काटा आहे, पण तो बघायचा कोणी? तुम्हीच. आवाज बदलला हे कळायचं कोणाला? तुम्हालाच. म्हणजे या गाडीतला कॉम्प्युटर तुम्ही आहात, आणि त्याचं सॉफ्टवेअर म्हणजे तुमच्या सवयी. आयटीवाल्या मंडळींना आणखी समजावून सांगायला नको.

नाना पेठेतले माझे फिटर चाचा हेच त्यांच्या भाषेत सांगतात. ‘साहेब, इंजिन कधी बोलून मरत नाही असं होत नाही. ते आधी सहा महिने बोलत असतं. ऐकणारा पाहिजे.’

वडापवाल्या मामांचा फंडा

हे ‘ऐकणं’ म्हणजे नेमकं काय, ते मला साताऱ्याकडे कळलं. पश्चिम महाराष्ट्रात शेअर जीपला ‘वडाप’ म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. पाटण तालुक्यात वडाप चालवणारे एक मामा मला भेटले. गाडी महिंद्रा कमांडर, इंजिन डीआय. म्हणजे माझ्या जीपपेक्षा वेगळ्या कुळातलं, पण तेवढंच जुन्या वळणाचं. मीटर कधीचाच बंद, त्यामुळे किती किलोमीटर झाले हे देवालाच ठाऊक. एवढ्या वर्षांत इंजिन एकदाच खोललंय. आणि गाडी रोज डोंगरातल्या वाड्यांपर्यंत माणसं, दुधाचे कॅन, खताची पोती घेऊन चढते.

मी विचारलं, ‘मामा, एवढं कसं टिकवलं?’

‘टिकवलं न्हाई तर खायचं काय?’ मामा हसले. ‘तुमची गाडी बंद पडली तर तुम्ही दुसऱ्या गाडीनं हापिसला जाता. माझी बंद पडली तर दोन महिनं घरात चूल कशी पेटायची? म्हणून मी हिला पळवत न्हाई. तिच्या चालीनं चालवतो.’

त्यांच्याबरोबर पुढच्या सीटवर बसून मी एक पूर्ण फेरी मारली. सकाळी पहिली गोष्ट, डिपस्टिक काढून ऑइल बघणं. मग रेडिएटरचं पाणी. गाडी सुरू केल्यावर रेस नाही, काही नाही. एखादा मिनिट तशीच ठेवली आणि हळूच निघाले. पहिले काही किलोमीटर तर मला वाटलं, सायकलवालासुद्धा ओव्हरटेक करेल! चढ दिसला की गाडीची दमछाक होण्याआधीच खालचा गिअर. उतारावर जो गिअर चढताना, साधारण तोच उतरताना. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी एकदा गरम झालेलं इंजिन संध्याकाळपर्यंत पुरतं थंड होतच नाही. दिवसभर सारख्याच तापमानावर, बेताच्या वेगात काम. ओझं जास्त, पण झटके नाहीत.

इंजिनच्या दृष्टीने हे अतिशय सुखाचं आयुष्य आहे, विश्वास ठेवा.

शनिवार पहाटेचा रोग

आता आपली स्टाइल बघा. सोमवार ते शुक्रवार जीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये. शनिवारी पहाटे पाचला अलार्म. ग्रुपवर ‘निघालो’ असा मेसेज, हीटर, स्टार्टर, धडधड, आणि दहाव्या मिनिटाला गाडी हायवेवर नव्वदच्या स्पीडला! कारण ताम्हिणीचा सूर्योदय गाठायचाय.

या दहा मिनिटांत काय होतं? पाच दिवसांत ऑइल वरच्या पार्टांवरून निथळून खाली चेंबरमध्ये गेलेलं असतं. थंड ऑइल दाट असतं, सगळीकडे पोचायला त्याला वेळ लागतो. पिस्टन अजून फुगून आपल्या मापाला आलेला नसतो. पाण्याचा काटा वर आला म्हणजे सगळं गरम झालं असंही नाही, कारण पाण्यापेक्षा ऑइल उशिरा तापतं. इंजिनच्या झिजेचा मोठा भाग याच थंड अवस्थेत होतो. म्हणून पहिले दहा-बारा किलोमीटर पाय हलका, ही सवय कुठल्याही महागड्या ऑइलपेक्षा जास्त कामाची.

उलट टोकाची मंडळीही आहेत. प्रत्येक सोसायटीत एक काका असतातच, जे रोज सकाळी गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवतात आणि ‘बॅटरी चार्ज’ करून वर जातात. हेही वाईटच. थंड डिझेल इंजिन जागेवर नुसतं घुरघुरत ठेवलं की डिझेल नीट जळत नाही, थोडं ऑइलमध्ये उतरतं. शिवाय इंजिनच्या आत पाण्याची वाफ धरते. इंजिन व्यवस्थित तापलं तर हे पाणी उडून जातं, नाहीतर ऑइलमध्येच राहून त्याचा चिखल करतं. त्यापेक्षा आठवड्यात मधे एकदा, बुधवारी रात्री म्हणा, वीस-पंचवीस किलोमीटरची सलग चक्कर मारा. जेवणानंतर आइस्क्रीमला जा, पण जरा लांबचं दुकान निवडा!

याच रोगाने माझ्या एका मित्राची जीप गेली. मॉडेल माझंच. त्याने पूर्ण इंजिन काम करून घेतलं होतं. नवे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं. पण पाच दिवस बेसमेंटमध्ये आणि शनिवारी थेट हायवे. त्यात गॅरेजमधल्या कुणीतरी ‘आपल्याकडच्या गरमीत याची गरज नाही’ म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकला होता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा छोटासा वॉल्व्ह. तो नसला की इंजिन तापायला खूप वेळ घेतं, थंडीत तर पुरतं तापतच नाही. दोन वर्षांत निळा धूर सुरू झाला. आणि एका मे महिन्यात घाटात पाण्याचा होज फुटला. काटा कधीचाच मेलेला, त्यामुळे कळलं ते पार उशिरा. या इंजिनचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पण वरचं हेड ॲल्युमिनियमचं. प्रमाणाबाहेर तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. तसंच झालं. जीप टो करून आणावी लागली आणि शेवटी मित्राने ती विकून टाकली. चाचांनी हेड हातात घेऊन एवढंच म्हटलं, ‘तीनशे रुपयांचा काटा नव्हता, म्हणून.’

ऐंशीच्या स्पीडचं गणित

‘जुनी जीप ऐंशीला पळते की!’ पळते ना. पण जरा गणित करून बघा. माझ्या जीपच्या ॲक्सलचा रेशो ५.३८ आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टचे साडेपाचच्या आसपास फेरे. चौथा गिअर डायरेक्ट, त्यावर ओव्हरड्राइव्ह नाही. टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. हिशोब केला तर ६० च्या स्पीडला इंजिन मिनिटाला २,४०० फेरे मारतं. ८० ला ३,२०० च्या जवळ, आणि १०० ला थेट ४,००० ला टेकतं. हे इंजिन जोर लावतं ते दोन हजाराच्या आसपास. वर जीपचा आकार म्हणजे सरळ खोका. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ६० वरून ८० वर जाताना हवेसाठीच सव्वादोन पटीहून जास्त ताकद खर्च होते.

म्हणजे ८० ला तुम्ही तिला पळवत नाही, तिची दमणूक करता. ५५-६० ला ती दिवसभर गाणी म्हणत चालेल. मामांना हे गणित येत नाही, पण त्यांच्या कानाला ते बरोबर कळतं. आता तुम्ही म्हणाल, मग ट्रक ओव्हरटेक करणार त्याचं काय? करू दे ना. जीप घेतली तेव्हा घाई विकून टाकायची असते.

घाट, धूळ आणि पाणी

घाटात दोन सवयी इंजिनच्या मुळावर येतात. पहिली म्हणजे वरच्या गिअरमध्ये कण्हत चढणं. डिझेल वाचतंय असं वाटतं, पण इंजिनचे फेरे कमी आणि दाब प्रचंड, मागून काळा धूर. पिस्टन, बेअरिंग, क्लच, सगळ्यांना त्याची शिक्षा. काळा धूर दिसला की गिअर खाली आणा, सोपं आहे.

दुसरी सवय म्हणजे उतारावर न्यूट्रल. ही तर जीवघेणी. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की पंप डिझेल जवळपास बंदच करतो, मग न्यूट्रल करून वाचवणार काय? ब्रेक मात्र तापून निकामी होऊ शकतात. आणि हो, उतारावर एकदम फार खालचा गिअरही टाकू नका. तिथे इंजिनला फिरवणारी चाकं असतात, पंप त्याला रोखू शकत नाही. चढ संपवून थांबलात तर लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, आतली उष्णता सारखी पसरते.

धूळ हा तर मूक शत्रू. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या ढगातून जाताना आत जाते ती बारीक वाळू, म्हणजे पिस्टन-रिंगांसाठी पॉलिश पेपरच. माझ्या जीपला ऑइल बाथ एअर फिल्टर आहे. खालच्या वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ बसते. धुळीचा ट्रेक झाला की ती वाटी उघडून बघायची. चिखल असेल तर साफ करून नवीन ऑइल. पंधरा मिनिटांचं काम. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं तर तेही कमी.

आणि पावसाळ्यातला तो फेमस व्हिडीओ, जीप ओढ्यात, पाणी बॉनेटवर! बॉस, डिझेल इंजिन हवा वीस-बावीस पट दाबतं. हवा दबते, पाणी दबत नाही. फिल्टरमधून पाणी आत गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, संपला खेळ. आधी कुणीतरी चालत जाऊन खोली बघायची, मग लो रेशो, पहिला-दुसरा गिअर, सावकाश. मधे बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, दोरी लावून ओढायची. आणि फोर बाय फोर कोरड्या डांबरावर कधीच टाकू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअर-शाफ्टवर येतो.

राहता राहिलं डिझेल. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल मिळतं, त्यात गंधक जेमतेम १० पीपीएम. या इंजिनच्या तारुण्यात ते हजारोंत असायचं. गंधक कमी म्हणजे ऑइलमध्ये ॲसिड कमी, ही चांगलीच गोष्ट. फक्त जुने रबरी पाइप आणि सील पाझरत नाहीत ना, यावर लक्ष ठेवा आणि पाझरत असतील तर सरळ बदला.

माझ्या जीपचं म्हणाल तर चाचांनी तिचं इंजिन अजून खोललेलं नाही. नवा थर्मोस्टॅट, चालणारा काटा, दर पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ऑइल, वर्षाआड पंप-नोझलची तपासणी आणि ६० ची मर्यादा, एवढ्यावर ती चाललीय. वर्षभर मी वहीत टॉप-अपचं ऑइल लिहून ठेवलं. ते वाढलेलं नाही. चाचांचं मत, ‘२०२९ आरामात. पुढचं पुढे.’

जीप बघायला जाताय? हे करा

• सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन खोटं बोलत नाही.

• धूर बघा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, बहुतेक वेळा पंप, नोझल, फिल्टरवर भागतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय, खर्च मोठा. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ चालतो, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी आत शिरत असेल.

• इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलका वारा ठीक. झाकण उडायला लागलं, भसाभस धूर आला, तर रिंगा संपल्यात.

• थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलकट तवंग, किंवा डिपस्टिकवर कॉफीसारखा फेस? नमस्कार करून निघा.

• थर्मोस्टॅट आहे का आणि तापमानाचा काटा चालतो का, हे विचारू नका. गाडी अर्धा तास चालवून स्वतः बघा.

• शेवटचं. मालकालाच चालवायला सांगा आणि तुम्ही शेजारी बसा. तो पहिल्या पाच मिनिटांत पाय कसा टाकतो ते बघून तुम्हाला या इंजिनचा सगळा इतिहास कळेल.